हरितगृहातील भाजीपाल्यात सूत्रकृमी ओळखायचे कसे: पानापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत, क्रमाने

रोपे पिवळी पडली, दुपारी माना टाकू लागली की हरितगृहात सहसा दोनपैकी एक गोष्ट घडते. कुणी मूळ न पाहताच सूत्रकृमी (मुळे खाणारे, डोळ्यांना न दिसणारे दोऱ्यासारखे जीव) ठरवून औषधाची आळवणी करून मोकळा होतो. कुणी रोप उपटतो, मुळांना गाठी दिसत नाहीत म्हणून सूत्रकृमी नाहीत असे ठरवतो आणि खताची मात्रा वाढवत बसतो. चूक दोघांची एकच: मधले टप्पे गाळले. गाठ दिसली म्हणजे सूत्रकृमीच असे नसते आणि गाठ नाही म्हणजे सूत्रकृमी नाहीत असेही नसते. पुढचा क्रम या दोन समजुतींतून सुटण्यासाठी आहे. तो टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, वांगी, घेवडा अशा पिकांना लागू पडतो, मग ती मातीच्या गादीवाफ्यावर असोत की कोकोपीटच्या पिशवीत.

## सुरुवातीची तयारी

साहित्य फार लागत नाही, पण ते आधी जमवून ठेवा. रोप अर्धे उकरल्यावर बादली शोधायला गेलात तर तोवर मुळे उन्हात सुकतात.

- टोकदार फावडे किंवा खुरपे, आणि माती काढायची नळी किंवा अरुंद खुरपी
- दोन बादल्या पाणी आणि एक पांढरा उथळ ट्रे
- १० पट मोठे दाखवणारे भिंग, टाचणी किंवा बारीक सुई, धारदार ब्लेड
- जाड प्लास्टिकच्या पिशव्या, पेन्सिल, लेबले
- हरितगृहाचा हाताने काढलेला आराखडा: वाफे, ठिबकच्या नळ्या, दरवाजे, पाणी येण्याची बाजू

कामाचा दिवस निवडताना जमिनीचा वाफसा पाहा. चिखलात मुळे धुतली जाण्याऐवजी माखतात आणि कोरड्या ढेकळांत पांढरी मुळे तुटून मातीतच राहतात. पाणी दिल्यानंतर साधारण एक-दोन दिवसांनी, माती मुठीत बांधली जाते पण हाताला चिकटत नाही, अशी वेळ चांगली.

इशारा: पाहणी नेहमी चांगल्या दिसणाऱ्या भागातून खराब भागाकडे करा, उलटी नको. बुटांच्या तळाला चिकटलेली माती अंडी घेऊन फिरते. ज्या वाफ्यात आज काही नाही तिथे ती तुम्हीच नेऊन टाकाल.

## टप्पा १: उभ्या पिकावरून संशयाची जागा ठरवा

पाने बघून सूत्रकृमी ओळखता येत नाहीत. पाने फक्त कुठे खणायचे ते सांगतात, म्हणून या टप्प्यात निदान करायचे नाही, खुणा करायच्या.

दुपारी १२ ते ३ या वेळेत एक फेरी मारा आणि सूर्यास्तानंतर किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे दुसरी. दुपारी कोमेजून संध्याकाळी पुन्हा ताठ होणारी रोपे आराखड्यावर गोलाने दाखवा. दोन्ही वेळा कोमेजलेली रोपे वेगळ्या खुणेने दाखवा. जोडीला खुजी वाढ, खालच्या पानांचा पिवळेपणा, लहान फळे आणि खत देऊनही न सुधारणारी रोपे यांची नोंद ठेवा.

आता आराखड्याकडे पाहा. सूत्रकृमींचा प्रादुर्भाव बहुधा ठिपक्यांनी असतो. मध्ये एखादे अगदी खुजे रोप आणि त्याच्या भोवती हळूहळू बरी होत जाणारी रोपे, असे त्याचे रूप. मशागतीच्या दिशेने हा ठिपका लांबट होतो, कारण अवजाराबरोबर माती पुढे ओढली जाते. याउलट अख्खी ओळ एकसारखी पिवळी असेल तर आधी ठिबक तपासा. सगळे हरितगृह एकाच आठवड्यात पिवळे पडले असेल तर खताच्या टाकीकडे आणि पाण्याच्या क्षारतेकडे बघा. सूत्रकृमी इतके शिस्तीत पसरत नाहीत.

पडताळणी: संशयित रोपाजवळचा ड्रिपर चालू करून एका मिनिटाचे पाणी मोजा आणि शेजारच्या निरोगी रोपाच्या ड्रिपरशी ताडून पाहा. निम्मेच पाणी येत असेल तर पुढे जाण्यापूर्वी तो दुरुस्त करून चार दिवस थांबा.

## टप्पा २: दुपारी कोमेजण्याची इतर कारणे वगळा

एखादे रोप दुपारी कोमेजले की मर रोग, मूळकूज आणि सूत्रकृमी असे तिघेही दाराशी उभे असतात. या तिघांना वेगळे करायला दहा मिनिटे पुरतात.

कोमेजलेल्या रोपाचे खोड जमिनीपासून थोडे वर तिरके कापा. आतल्या वाहिन्या तपकिरी दिसल्या तर मर रोगाचा संशय घ्या. कापलेला तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभा, पाण्यात अर्धवट बुडेल असा धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला तर ती जिवाणूजन्य मर आहे. मूळ दोन बोटांत धरून हलके ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आत दोरा उरला तर मूळकूज आहे.

पण यातले काही सापडले म्हणून सूत्रकृमींची चौकशी बंद करू नका. सूत्रकृमींनी मुळांना केलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी आणि जिवाणू सहज आत शिरतात, त्यामुळे दोन्ही एकत्र असणे अगदी नेहमीचे. मर रोगाला सहनशील असलेले वाण अचानक मरू लागले तर मूळ आधी तपासा, बियाण्याला दोष नंतर द्या.

## टप्पा ३: रोप उकरा, उपटू नका

सर्वांत जास्त चुका या टप्प्यात होतात. रोप खोडाला धरून ओढले की जाड मुळे हातात येतात आणि गाठी असलेली बारीक पांढरी मुळे जमिनीत तुटून राहतात. मग मूळ स्वच्छ आहे, असा निष्कर्ष निघतो.

१. चार रोपे निवडा: ठिपक्याच्या कडेची दोन अर्धवट आजारी, त्याच वाफ्यातले बरे दिसणारे एक, आणि दूरच्या वाफ्यातले निरोगी एक. पूर्ण मेलेले रोप घेऊ नका. त्याची मुळे कुजलेली असतात, गाठी गळून गेलेल्या असतात आणि खाणारे सूत्रकृमी उपाशी राहून दुसरीकडे गेलेले असतात.

२. खोडापासून १५ सेंटिमीटरवर चहूबाजूंनी फावडे उभे घाला आणि २० ते २५ सेंटिमीटर खोलीपर्यंत मातीचा गोळा अखंड उचला.

३. गोळा बादलीतल्या पाण्यात १५ मिनिटे बुडवून ठेवा. माती आपोआप सुटू द्या. नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका, कारण मुळांच्या पृष्ठभागावरचे अंडीपुंज त्या धारेने निघून जातात आणि सर्वांत खात्रीचा पुरावा गटारात जातो.

४. दुसऱ्या बादलीत हलवून धुवा आणि मुळे पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात पसरा.

इशारा: धुतलेले पाणी हरितगृहात ओतू नका, गाळ तर मुळीच नको. दोन्ही बाहेर, लागवडीपासून दूर टाका. खुरपे पुढच्या रोपाला लावण्यापूर्वी घासून धुवा.

कोकोपीटच्या पिशवीत उकरण्याऐवजी पिशवी बाजूने उभी फाडून मुळांचा अख्खा ठोकळा बाहेर काढा. मुळे बहुधा तळाशी आणि पिशवीच्या भिंतीलगत दाटलेली असतात, पाहायचे तेही तिथेच. इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. ओल्या कोकोपीटमध्ये वळवळणारे, डोळ्यांना स्पष्ट दिसणारे पांढरे किडे म्हणजे सूत्रकृमी असे धरले जाते. मुळे खाणाऱ्या सूत्रकृमींची बहुतेक पिल्ले अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांब, दोऱ्यापेक्षा बारीक आणि पारदर्शक असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. एक सेंटिमीटर लांबीचा, वळ्या असलेला पांढरा किडा म्हणजे गांडुळाचा लहानसा नातेवाईक, आणि काळ्या डोक्याची अळी असेल तर ती बुरशीवर जगणाऱ्या चिलटाची.

## टप्पा ४: गाठ वाचायला शिका

मेलॉयडोगायनी या प्रजातीचे सूत्रकृमी मुळांवर गाठी करतात आणि उष्ण हरितगृहांत हेच सर्वांत जास्त आढळतात. दुसऱ्या अवस्थेतील पिल्लू मुळाच्या टोकाजवळून आत शिरते, एका जागी बसते आणि त्याच्या भोवतीच्या पेशी फुगवून खात राहते. मादी नासपतीसारखी फुगते. तिची अंडी चिकट द्रवाच्या गोळ्यात, बहुधा मुळाच्या पृष्ठभागावर येतात आणि एका गोळ्यात काहीशे अंडी असतात. मातीचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असेल तर अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचा हा फेरा साधारण महिनाभरात पूर्ण होतो. हे दिवस लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

### गाठ खरी की खोटी

खरी गाठ मुळाच्या आतून फुगलेली असते. मूळ त्यातून सरळ आरपार जाते आणि नखाने खरवडल्यास गाठ वेगळी होत नाही, मूळच तुटते. घेवड्यासारख्या द्विदल पिकांवर नत्र साठवणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, बोटाने सहज निघतात आणि चालू असलेली गाठ कापली तर आत गुलाबी किंवा लालसर दिसते. या गाठी म्हणजे पिकाची कमाई. त्यांच्यावर औषध ओतणारेही पाहिले आहेत.

कोबी, फुलकोबी या वर्गातल्या पिकांवर मुळे चेंडूसारखी किंवा बोटांसारखी जाड झाली तर ते बहुधा मुळे फुगवणाऱ्या बुरशीसदृश जीवाचे काम असते आणि तो जीव टोमॅटो-काकडीवर येत नाही. खोडाच्या अगदी जमिनीलगतच्या भागावर एकच मोठी, खडबडीत, लाकडासारखी गाठ असेल तर जिवाणूजन्य गाठीचा विचार करा. टोमॅटोच्या खोडावर जमिनीजवळ दिसणारे छोटे उंचवटे ही नवी फुटणारी मुळे असतात, त्यांचा कशाशीही संबंध नाही.

### मादी शोधा, मगच नाव घ्या

खात्रीसाठी एक पायरी राहते आणि ती बहुतेक जण टाळतात. मध्यम आकाराची, अजून पांढरट असलेली गाठ निवडा. जुनी तपकिरी गाठ नको. भिंगाखाली धरून ब्लेडने हलकेच चीर द्या आणि सुईने उघडा. आत टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान, मोत्यासारखा चकचकीत पांढरा दाणा दिसला की ती मादी. सुई लागताच ती फुटून दुधाळ थेंब होते, म्हणून पहिल्या दोन-तीन गाठी सरावाच्या समजा. गाठीच्या बाहेर पिवळसर ते तपकिरी, जेलीसारखा बारीक गोळा दिसला तर तो अंडीपुंज. फ्लॉक्सिन-बी हा रंग मिळत असेल तर एक लिटर पाण्यात ०.१५ ग्रॅम टाकून धुतलेली मुळे त्यात १५ ते २० मिनिटे ठेवा आणि साध्या पाण्यात खंगाळा. अंडीपुंज गुलाबी-लाल होऊन मोजण्याजोगे उठून दिसतात.

### पीक बदलले की गाठ बदलते

काकडीवर गाठी मोठ्या, मऊ, एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि मुळांची जाड गुठळी होते. ती लांबूनही कळते. टोमॅटो आणि वांग्यावर मध्यम आकाराच्या गाठींची माळ होते. ढोबळी मिरचीवर मात्र गाठी फार लहान, कधी मण्यासारख्या, कधी नुसता मुळाचा जाडसरपणा. टोमॅटोची सवय झालेला डोळा मिरचीचे मूळ स्वच्छ म्हणून सोडून देतो. मिरचीत भिंग वापरल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

गाठ लहान आहे आणि तिच्यातूनच बारीक उपमुळांचा झुपका फुटला आहे, मूळ दाढीसारखे दिसते आहे, तर मेलॉयडोगायनी हाप्ला या थंड हवामानातल्या जातीचा संशय घ्या. हा फक्त संशय, शिक्कामोर्तब नव्हे.

### गाठी मोजा

पुष्कळ गाठी आहेत, असे लिहून ठेवल्यास पुढच्या हंगामात तुलना करता येत नाही. प्रत्येक रोपाला ० ते ५ असा अंक द्या: गाठ नाही ०, एक-दोन गाठी १, तीन ते दहा २, अकरा ते तीस ३, एकतीस ते शंभर ४, शंभराहून जास्त ५. अंक आराखड्यावर त्या रोपाच्या जागी लिहा.

पडताळणी, रोपवाटिकेतून आले का? लागवडीला जेमतेम दोन आठवडे झाले असताना ट्रेच्या मूळ ठोकळ्यातल्या मुळांवर अंडीपुंज सापडले तर प्रादुर्भाव रोपांबरोबरच आला आहे, कारण वाफ्यातल्या पिल्लांना इतक्या लवकर अंडी घालण्याइतके मोठे होता येत नाही. गाठी फक्त ठोकळ्याबाहेर पडलेल्या नव्या मुळांवर असतील तर स्रोत वाफ्याची माती किंवा पाणी आहे. हे उत्तर लागवडीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच मिळते. नंतर सगळी मुळे एकात एक मिसळतात.

## टप्पा ५: गाठी नाहीत, तरी संशय आहे

गाठी नसतील तर मुळाच्या रंगाकडे आणि ठेवणीकडे पाहा.

मुळांवर लांबट तपकिरी ते काळपट डाग असतील आणि बारीक मुळे जागोजागी तुटलेली असतील तर मुळात फिरत खाणारा प्रॅटिलेंकस असू शकतो. एका जागी बसून गाठ करण्याऐवजी तो पेशी फोडत पुढे सरकतो. हे डाग बुरशीच्या डागांसारखेच दिसतात आणि डोळ्यांनी फरक कळत नाही.

मुळे कितीही धुतली तरी मळलेली वाटतात, मातीचे कण जणू डिंकाने चिकटले आहेत, तर रोटिलेंक्युलस, म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराची मादी असलेला सूत्रकृमी, लक्षात घ्या. ही मादी पुढचा भाग मुळात खुपसते आणि मागचा भाग बाहेर ठेवते. तिच्या चिकट अंडीपुंजाला मातीचे कण धरून राहतात. या मुळांवर गाठी नसतातच, त्यामुळे हिचा प्रादुर्भाव बरीच वर्षे खत कमी पडल्याच्या खात्यावर जमा होत राहतो. भिंगाखाली मातीचा एखादा कण सुईने हळूच बाजूला करा. खाली अंडीपुंज आणि फुगीर मादी दिसू शकते.

मुळांची टोके आखूड, बोथट, वाढ थांबलेली असतील तर बाहेरून खाणारे सूत्रकृमी शक्य आहेत, पण जास्त क्षार आणि थंड माती यांनीही मुळे अशीच होतात. या गटात डोळ्यांनी नाव ठेवायचा मोह टाळा आणि थेट पुढच्या टप्प्यावर जा.

## टप्पा ६: प्रयोगशाळेसाठी नमुना

चांगल्या प्रयोगशाळेलाही वाईट नमुन्यातून चांगले उत्तर काढता येत नाही. क्रम असा:

१. वेळ. पीक उभे असताना, शेवटच्या तोडणीच्या सुमारास नमुना घ्या. तेव्हा संख्या सर्वांत जास्त असते. पीक काढून जमीन उन्हात तापल्यावर घेतलेल्या नमुन्यात आकडा कमी येतो, पण उरलेले सूत्रकृमी अंड्यांच्या रूपात किंवा खोलवर टिकून असू शकतात. सूत्रकृमीनाशकाच्या आळवणीनंतर लगेच घेतलेला नमुनाही फसवतो.

२. विभागणी. खराब ठिपका आणि चांगला भाग यांचे नमुने वेगवेगळे. एका नमुन्यात दोन पिके किंवा दोन हरितगृहे मिसळू नका.

३. जागा. साधारण १००० चौरस मीटरच्या भागातून नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणी माती घ्या. वाफ्यांमधल्या वाटेतून नको, ठिबकच्या ओल्या पट्ट्यात, मुळांच्या सान्निध्यातून हवी. वरची दोन-तीन सेंटिमीटर कोरडी माती बाजूला सारून २० ते २५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची घ्या.

४. मिसळणे. सगळी माती बादलीत हलक्या हाताने मिसळा. चाळू नका, ढेकळे कुटू नका. सूत्रकृमी नाजूक असतात आणि रगडलेल्या मातीतून मेलेले निघतात. त्यातून अर्धा किलो माती पिशवीत भरा आणि जोडीला २० ते २५ ग्रॅम बारीक मुळे. मुळे आठवणीने टाका, कारण गाठी करणाऱ्या जातीच्या माद्या मुळातच असतात, मातीत नाही.

५. बंद करणे. पिशवीतली हवा काढून तोंड बांधा. लेबल पेन्सिलने लिहून बाहेर बांधा. शाईने लिहून आत टाकलेला कागद दोन दिवसांत वाचता येत नाही.

६. जपणूक. नमुना सावलीत, थंड डब्यात ठेवा आणि दोन-तीन दिवसांत पोचवा. गोठवू नका. बंद गाडीत उन्हात दोन तास राहिलेली पिशवी पुन्हा भरणे बरे, कारण त्या उष्णतेत पिल्ले मरतात आणि अहवाल निर्धास्त करणारा, पण खोटा येतो.

इशारा: मातीपरीक्षणाच्या सवयीने नमुना वाळवून पाठवू नका. खतासाठी माती वाळवतात, सूत्रकृमींसाठी ती ओली आणि जिवंत पाहिजे. प्रयोगशाळेत आलेले निम्मे काम इथेच वाया जाते, असे म्हटले तरी कुणी हरकत घेणार नाही.

सोबतच्या चिठ्ठीवर पीक, वाण, लागवडीची तारीख, आधीची दोन पिके आणि गेल्या तीन महिन्यांत दिलेली औषधे लिहा. कीड नियंत्रणासाठी मित्र सूत्रकृमी सोडले असतील तर तेही आवर्जून लिहा. चिलटाच्या अळ्यांवर वापरलेले स्टाइनरनेमा नमुन्यात सापडतात आणि माहिती नसेल तर आकडा विनाकारण घाबरवतो.

## टप्पा ७: ताटलीची पद्धत

सूक्ष्मदर्शक जवळ असेल तर घरी पहिला अंदाज घेता येतो. उथळ ताटलीत प्लास्टिकची जाळीदार टोपली ठेवा, तिच्यात दोन पदर टिश्यू पेपर पसरा आणि मिसळलेल्या ओल्या मातीचे १०० ग्रॅम सेंटिमीटरभर जाडीपेक्षा कमी थरात घाला. पाणी बाजूने ताटलीत ओता, माती खालून भिजेल इतकेच. वरून ओतलेत तर माती कागदातून गाळासारखी उतरते. बाष्पीभवन कमी व्हावे म्हणून झाका आणि २० ते २५ अंशांवर २४ ते ४८ तास ठेवा. जिवंत सूत्रकृमी वळवळत कागद ओलांडून पाण्यात येतात. टोपली उचला, ताटलीतले पाणी उंच ग्लासात ओता, चार-पाच तास निवळू द्या, वरचे पाणी हळूच काढा आणि तळाचे थोडे पाणी उथळ काचेच्या बशीत, खालून उजेड पडेल असे तपासा.

४० पट मोठे केल्यावर वळवळणारे धागे दिसतात. इथेच लोक घाबरतात. कुजणाऱ्या मुळांत आणि सेंद्रिय खतात जिवाणू-बुरशी खाणारे निरुपद्रवी सूत्रकृमी पुष्कळ असतात आणि सहसा तेच जास्त चपळ असतात. पिकाला खाणाऱ्याच्या तोंडात बारीक सुई असते. ती पाहायला १०० ते ४०० पट मोठेपणा लागतो आणि मोबाइलला लावायच्या भिंगाने ते जमत नाही. सुई दिसली नाही तर पिकाला खाणारा मोजू नका. सुई दिसली तरी काम संपत नाही, कारण बुरशी खाणाऱ्या काही सूत्रकृमींनाही सुई असते. नाव प्रयोगशाळेवर सोडा.

पडताळणी: या पद्धतीत फक्त चालणारी पिल्ले आणि दोऱ्यासारखे प्रौढ येतात. अंडी आणि मुळात फुगून बसलेल्या माद्या येत नाहीत. म्हणून ताटलीत काही नाही म्हणजे वाफ्यात काही नाही, असे नसते. धुतलेली मुळे सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापून त्याच रीतीने चार-पाच दिवस ठेवा आणि रोज पाणी बघा.

## टप्पा ८: कुंडीची चाचणी

सूक्ष्मदर्शक नसेल तर रोपालाच विचारा. लागवडीपूर्वी वाफा स्वच्छ आहे का, हे कळायला माझ्या मते याहून स्वस्त आणि प्रामाणिक रीत नाही. फक्त सबुरी लागते.

संशयित भागाच्या मातीने तीन-चार कुंड्या भरा. तीच माती वाफवून किंवा उकळत्या पाण्याने तापवून थंड केलेली आणखी दोन कुंड्यांत भरा. ही तुलनेची जोडी. प्रत्येकात टोमॅटोचे किंवा काकडीचे रोप लावा. वाण सूत्रकृमीला प्रतिकारक नसावा. बियाण्याच्या पाकिटावर एमए, एमआय, एमजे अशी संक्षिप्त अक्षरे असतील तर तो वाण मेलॉयडोगायनीच्या अरेनारिया, इन्कॉग्निटा, जावानिका या तीन जातींना प्रतिकारक आहे आणि या कामाला निरुपयोगी. कुंड्या वेगळ्या ताटल्यांत ठेवा, नाहीतर एकीचे निथळलेले पाणी दुसरीत जाते. माती २५ अंशांच्या आसपास ठेवा. १५ अंशांखाली वाढ इतकी मंदावते की चाचणीला अर्थ उरत नाही.

काकडीवर तीन आठवड्यांत, टोमॅटोवर पाच-सहा आठवड्यांत मुळे धुऊन पाहा आणि टप्पा ४ मधले अंक द्या. तुलनेच्या कुंडीतही गाठी आल्या तर रोपेच दूषित होती, चाचणी नव्या रोपांवर पुन्हा करा. ही रीत फक्त गाठी करणाऱ्या सूत्रकृमींसाठी आहे. प्रॅटिलेंकस किंवा रोटिलेंक्युलस तिच्यातून निसटतात.

## टप्पा ९: अहवाल वाचताना

अहवालात आधी आकडा पाहू नका, एकक पाहा. १०० घन सेंटिमीटर मातीतले ५० आणि २०० घन सेंटिमीटरमधले ५० यांत दुपटीचा फरक आहे. मुळांचा आकडा वेगळा दिला आहे का, तेही बघा. मातीचा आकडा लहान आणि मुळांचा मोठा असेल तर पीक भरात आहे आणि सूत्रकृमी आत आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

मग नाव. अहवालात नुसते मेलॉयडोगायनी लिहिले असेल तर पिकाच्या फेरपालटीसाठी ते अपुरे असू शकते, कारण जातीप्रमाणे यजमान पिके बदलतात. इन्कॉग्निटा ढोबळी मिरचीवर वाढतो, जावानिका सहसा वाढत नाही. हाप्ला कलिंगडावर वाढत नाही. जात ठरवायला मादीच्या मागच्या टोकावरच्या ठशासारख्या रेषा पाहतात: इन्कॉग्निटात वरची कमान उंच आणि चौकोनी, जावानिकात दोन्ही बाजूंना स्पष्ट आडव्या रेषा, हाप्लात शेपटीच्या टोकाजवळ ठिपके. रेषांवरून एकमत होत नसेल तर डीएनए तपासणी मागा. विशेषतः प्रतिकारक टोमॅटोवर गाठी आल्या असतील तेव्हा ती मागाच, कारण टोमॅटोतला नेहमीचा एमआय हा प्रतिकारक जनुक एन्टेरोलोबी आणि हाप्ला या जातींना रोखत नाही.

पण डीएनए तपासणीवर खर्च करण्याआधी मातीत थर्मामीटर खुपसा. मातीचे तापमान २८ अंशांवर गेले की हा जनुक साध्या इन्कॉग्निटालाही नीट रोखू शकत नाही. उन्हाळ्यात काळ्या आच्छादनाखालच्या वाफ्यात माती इतकी तापायला फार दिवस लागत नाहीत. १५ सेंटिमीटर खोलीवर आठवडाभर दुपारचे तापमान लिहून काढा आणि तो कागद मुळांच्या नमुन्याबरोबरच प्रयोगशाळेत द्या.